भाऊबीजेचं कपाट

ज्या बाईला भाऊ नाही, तिनं भाऊबीजेला चंद्राला ओवाळायचं. आमच्या कोकणात तसंच, इकडे घाटावरही तसंच. ऐकायला छान वाटतं. करून बघा म्हणजे कळेल. बीजेचा चंद्र तो केवढा, नखाएवढी कोर. सूर्य बुडाला की जरा वेळ दिसते न दिसते, तोवर डोंगराआड जाते. म्हणजे त्यातही घाई. बाकीच्या बायकांचे भाऊ जेवून पान चघळत बसलेले असतात आणि आपण तबक हातात घेऊन गॅलरीच्या टोकाला मान वर करून उभ्या. मी ते बरीच वर्षं केलं. मग काही वर्षं मला भाऊ होता. त्या मधल्या वर्षांचं सांगते.

मी नर्स. आई लहानपणी गेली, वडील मी नर्सिंगला असताना. पाठचं-पुढचं कुणी नाही. लग्न एकदा ठरलं होतं, मोडलं, ते इथं उगाळत नाही. सन पासष्टच्या आसपास पिंपरीच्या बाजूला एका कंपनीच्या दवाखान्यात नोकरी लागली आणि आकुर्डीला स्टेशनपासून चालत जाता येईल अशा एका चाळीत खोली घेतली. तेव्हा आकुर्डी म्हणजे ज्वारीची रानं आणि मधूनच कंपन्यांच्या पत्र्याच्या शेड. भोंगा झाला की सायकलींची रांग लागायची, ती संपली की पुन्हा सगळं चिडीचूप.

दवाखान्यात दिवसभर माणसंच माणसं. बोट चेचलेलं, डोळ्यात लोखंडाचा कण उडालेला, ओव्हरटाइम करून चक्कर आलेला. सगळे मला सिस्टर म्हणायचे आणि पट्टी बांधून झाली की पाठ फिरवून चालू लागायचे. मी तोंडाची फटकळ, त्यामुळे कुणी फार बोलायच्या फंदातही पडत नसे. संध्याकाळी खोलीवर यायचं, सकाळी आपणच लावलेलं कुलूप आपणच काढायचं आणि आत सगळं जिथल्या तिथं. सकाळी ओट्यावर ठेवलेली वाटीसुद्धा कुणी हलवलेली नसायची. लोक म्हणतात शांत आयुष्य हवं. डोंबलाचं शांत. मला त्या न हललेल्या वाटीचा राग यायचा.

शेजारच्या खोलीत एक बौद्ध कुटुंब होतं. नवरा कारखान्यात टर्नर, तीन मुलं, आणि बायको माझ्याच वयाची. ती माझ्याहून फटकळ, म्हणून आमचं जमलं. पण संसारी बाई ती. बोलता बोलता आतून कुकरची शिट्टी व्हायची, मूल रडायचं, आणि ती उठायची. मी उंबऱ्यावर बसून राहायची.

आणि मग तो आला. लेबर कॉन्ट्रॅक्टर होता, मोशीच्या बाजूच्या एका गावातल्या शेतकरी घरातला. जमीन कारखान्यांसाठी गेली, आलेल्या पैशातून यानं फटफटी घेतली आणि गावातली पोरं कंपन्यांना पुरवायला लागला. एक दिवस पत्र्यानं दंड फाटला म्हणून त्याला आमच्याकडे आणलं. डॉक्टर जेवायला गेलेले, टाके मीच घातले. हूं की चूं केलं नाही त्यानं. उठताना म्हणाला, "ताई, हात लई हलका हाय तुमचा."

सिस्टर नाही, ताई. ट्रे धुताना माझ्याच लक्षात आलं, मी हसत होते.

त्याच दिवाळीत भाऊबीजेला फटफटी चाळीच्या दारात येऊन थांबली. हातात नारळ, एक खण. दारातूनच म्हणाला, "आमाला बहीण न्हाई. तुमाला भाऊ हाय का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग पाट मांडा की."

पाट कुठला माझ्याकडे. शेजारणीकडून आणला. निरांजन होतं, चंद्रासाठीचं. त्यानं प्रथमच माणसाचा चेहरा उजळलेला पाहिला. घरात गोडधोड काही नव्हतं, मी घावन घातले. आमच्याकडचे ते तांदळाचे जाळीदार घावन त्यानं कधी पाहिले नव्हते. "ही जाळीची भाकर झ्याक हाय," म्हणत खाल्ले. त्या संध्याकाळी कोर कधी आली, कधी गेली, मी पाहिलीच नाही.

पुढच्या वर्षी मी त्याच्यासाठी मफलर विणला. तेव्हा इकडे थंडी काय पडायची, सगळं उघडं माळरान, आणि हा पहाटे फटफटीवरून चाकणपर्यंत माणसं गोळा करत हिंडायचा. पिंपरी कॅम्पातल्या सिंधी दुकानातून लोकर आणली, दवाखान्यात दुपारी कुणी नसलं की विणत बसायची. नवं कापड अंगाला लावायच्या आधी त्याला हळदीकुंकवाचं बोट लावतात, तसं मफलरच्या कोपऱ्याला लावलं आणि त्याच्या हातात दिला. मग दरवर्षीच दिला. तपकिरी, राखाडी, एकदा हिरवा. मी विचारायची, वापरता का हो? तो म्हणायचा, "व्हय तर, गळ्यातनं काढतच न्हाई."

त्याची हळूहळू भरभराट झाली. फटफटी जाऊन जीप आली. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचा तो उजवा हात झाला. सगळे त्या पुढाऱ्याला साहेब म्हणत. आमच्या चाळीत तोवर जीप कधी आली नव्हती. पोरं भोवती गोळा व्हायची आणि मी दारात उभी राहून म्हणायची, हात लावू नका रे, माझ्या भावाची आहे. काय तो माझा तोरा.

मग एका दिवाळीत टेम्पो आला. चार हमालांनी लोखंडी कपाट वर चढवलं. हिरवट करड्या रंगाचं, दाराला उभा आरसा. ओवाळणी म्हणून कपाट. अख्खी चाळ बघायला आली. बायका एकेक करून आरशापुढं उभ्या राहिल्या, कारण डोक्यापासून पायापर्यंत आपण कशा दिसतो ते कुणी पाहिलंच नव्हतं. माझे पाय जमिनीवर नव्हते. माझी सगळी लुगडी एका फळीवर मावली आणि बाकी कपाट रिकामं राहिलं, तरी मी किल्ली कमरेला लावून हिंडले.

किल्ली बाहेरच्या दाराची. आत तिजोरीसारखा कप्पा होता, त्याची किल्ली त्यानं आपल्या खिशात टाकली. "आतला कप्पा तेवढा आमचा, ताई. साहेबांचे काही कागद ऱ्हातील. आमच्या घरात भाऊबंदकी, काय जाग्यावर ऱ्हात न्हाई बघा."

"ठेवा की," मी म्हटलं. भावानं बहिणीच्या घरी काही ठेवलं तर त्यात काय विचारायचं.

तो गेल्यावर शेजारणीनं आतल्या कप्प्याची मूठ ओढून पाहिली. मग म्हणाली, "ओवाळणी देतो आणि किल्ली घेऊन जातो. ही कसली ओवाळणी गं, सिस्टर?"

मला असा राग आला. म्हटलं, तुला नाही कळायचं. ती घरी गेली. दोन दिवस आम्ही बोललो नाही.

कपाट आलं आणि त्याचं येणं वाढलं. निवडणुका जवळ आल्या होत्या तेव्हा. कधी दुपारी, कधी सकाळी मी ड्यूटीला निघायच्या आत. हातात कापडी पिशवी. "ताई, च्या टाका," म्हणायचा आणि कपाटाकडे वळायचा. आम्हा दोघांमध्ये एक पडदा होता, स्वयंपाकाच्या बाजूचा. मी पडद्याअलीकडे स्टोला पंप मारत बसायची. जरा जास्तच मारायची, म्हणजे आतलं काही ऐकू येऊ नये. मग तो बाहेर येऊन बसायचा, चहा प्यायचा, दवाखान्यात काय चाललंय विचारायचा. मला वाटायचं, निवडणुकीच्या एवढ्या धामधुमीत माणूस बहिणीकडे वाकडी वाट करून येतो. चाळीत कुणाचा सख्खा भाऊ येत होता असा?

शेजारणीचा नवरा शांत माणूस. एकदा मुलाच्या गोवराचं औषध घ्यायला आला आणि तेवढ्यात जीप गेली, म्हणून बोलला. त्याच्या कंपनीतून भंगाराची गाडी गेटबाहेर पडते, वर लोखंडाचा कीस आणि खाली चांगलं पितळ. गेटवर कुणी बघत नाही, कारण भंगाराचा ठेका साहेबांच्या माणसाकडे. मालकालाही ते ठाऊक असतं. संप झाला तर साहेब मिटवतात, मग पितळेकडं कानाडोळा. वर पुन्हा निवडणूक आली की मालकांची पाकिटं वेगळी. पावती कुणालाच नको असते. "तो सगळा पैसा कुठंतरी ठेवावा लागतोच की, सिस्टर," तो म्हणाला. कपाटाकडे त्यानं पाहिलंही नाही. तेवढा सभ्य होता.

मी म्हटलं, "माझ्या भावाबद्दल माझ्या घरात बोलायचं नाही." त्यानं औषध घेतलं आणि गेला.

मला काही कळतच नव्हतं असं मी म्हणणार नाही. कागदांना एवढं जड कुलूप लागत नाही हे नर्सलाही कळतं. पण साहेबांचा फंड कुठून येतो आणि कुठं जातो, याच्याशी मला काय देणंघेणं होतं? त्यातलं मला काही नको होतं. मला एवढंच हवं होतं, की तो येतो तो माझ्यासाठी येतो. पैसा त्याच्या निमित्तानं येत असेल तर येऊ दे. मी ते असं उलटं मांडून ठेवलं होतं, आणि रोज झोपताना पुन्हा नीट मांडायची.

निवडणूक झाली, साहेब निवडून आले. गुलाल उधळत मिरवणूक आमच्या रस्त्यानं गेली, तो उघड्या जीपमध्ये साहेबांच्या मागं उभा. मी हात केला. गर्दीत दिसलं नसेल. त्यानंतर कित्येक महिने त्याचा पत्ता नाही. त्या पावसाळ्यात मला कावीळ झाली. डोळे पिवळे, अंगात त्राण नाही. त्याला निरोप धाडला, एकदा नाही, दोनदा. शेजारीण सकाळ-संध्याकाळ पेज घेऊन यायची, मला धरून मोरीपर्यंत न्यायची. मी पडल्या पडल्या जीपचा आवाज ऐकायची. रस्त्यानं जीप तर जायच्याच, तेव्हा सगळ्या कंपन्यांना जीप होत्या. प्रत्येक वेळी उशीवरून डोकं उचलायची. शेजारीण बघायची आणि काही बोलायची नाही, तिच्या स्वभावाला ते केवढं कठीण.

दिवाळीला तो आला. "साहेबांच्या मागं नुसती पळापळ, ताई. कळलंच न्हाई बगा." मी खरं मानलं. मफलर विणून तयार होता.

आणीबाणी उठली आणि वारं फिरलं. साहेब पडले. जे कालपर्यंत त्यांच्या मागं गाड्या घेऊन फिरायचे ते वाटेत भेटले तरी ओळख देईनात, असं दवाखान्यात बोललं जायचं. मला त्याची काळजी वाटायची. नीट जेवत असेल का, झोपत असेल का, असली काळजी.

एके दिवशी सकाळी तो आला. ना सण ना वार. जीप नव्हती, कुणाच्या तरी स्कूटरवरून उतरला होता. आज पिशवी रिकामी होती आणि मोठी होती, ते मी पाहिलं. पण तो आधी कपाटाकडे गेला नाही. आधी बसला. "ताई, जाळीची भाकर खाऊशी वाटती," म्हणाला. मी दवाखान्यात उशीर झाला तर झाला म्हणून पीठ भिजवलं. पोटभर खाल्ले त्यानं. मग पडद्यापलीकडे गेला. मी स्टो पेटवून बसले. बाहेर आला, भरलेली पिशवी दाराशी ठेवली आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. इतक्या वर्षांत प्रथमच.

"अहो हे काय," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या. तुमचे लई उपकार हायेत."

तो गेल्यावर मला रडूच आलं, सुखाचं. दवाखान्यात त्या दिवशी मी कुणावरही खेकसले नाही. कंपाउंडर म्हणाला, सिस्टर, आज काय लॉटरी लागली का? मी म्हटलं, माझा भाऊ आला होता.

चार-पाच दिवसांनी साहेबांच्या पैशाच्या चौकशीचे लोक आले. दोन अधिकारी, एक लेडी कॉन्स्टेबल. कुणीतरी, बहुतेक त्याच्या जुन्या ड्रायव्हरनं, कपाटाचं सांगितलं होतं. पंच म्हणून चाळमालकाला आणि शेजारणीच्या नवऱ्याला उभं केलं. दारात बायका, जिन्यात पोरं. मी कपाटाची किल्ली कमरेची काढून दिली. माझी लुगडी त्यांनी एकेक करून खाटेवर ठेवली. मग आतल्या कप्प्याला हात घातला.

"याची किल्ली?"

"माझ्या भावाकडे."

नाव विचारलं. मी सांगितलं, ताठ मानेनं. मोठ्या अधिकाऱ्यानं दुसऱ्याकडे पाहिलं.

"सख्खा भाऊ?"

"मानलेला."

"अच्छा, मानलेला." त्या 'मानलेला'वर तो असा हसला, की माझ्या अंगाची लाही झाली. मग म्हणाला, "बाई, आम्ही काल त्यांच्याकडे जाऊन आलो. ते म्हणतात, अशा कुठल्या बाईला मी ओळखत नाही."

"खोटं बोलताय तुम्ही," मी म्हटलं. मला खरंच वाटलं की ही पोलिसी युक्ती आहे, माझ्या तोंडून काही काढण्यासाठी. "दर भाऊबीजेला येतो तो. विचारा या सगळ्यांना."

कुणी विचारलं नाही. जिन्यात एक बाई दुसरीच्या कानाला लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, तो भाऊ नसेल तर मी कोण आहे. एकट्या बाईच्या खोलीवर पुरुष येतो, पडदा ओढला जातो, तो तिला कपाट देतो. चाळीनं कित्येक वर्षांपूर्वीच जे म्हणायचं ते म्हणून ठेवलेलं असणार. मलाच पत्ता नव्हता.

जवळच्या वर्कशॉपमधून फिटर बोलावला. त्यानं छिन्नी लावली. चारच घाव घातले असतील. दार उघडलं आणि अधिकारी वाकला, मी पण वाकले.

पैसा नव्हता. तो भावानं नीट खाऊन-पिऊन, माझ्या पाया पडून नेला होता. आत मफलर होते. सगळे. तपकिरी, राखाडी, हिरवा, मागच्या दिवाळीचा निळा. काही घडीही न मोडलेले, कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट जसंच्या तसं. एका पाण्यात गेलं असतं ते. आणि दोन-तीन पिळून दोरीसारखे केलेले, त्यांना करकचून गाठी. नोटांचे गठ्ठे बांधायला घेतले होते. गठ्ठे ओढून काढले आणि गाठी तशाच राहिल्या.

लेडी कॉन्स्टेबलनं एक उचलून पाहिला. "चांगलं विणलंय," ती म्हणाली. तिचं मन चांगलं होतं. मला ते सहन झालं नाही, मी खाली बसले.

मोठा अधिकारी वैतागला होता. "काय आहे हे? कुणाचं सामान?"

"माझं," मी म्हटलं.

"आणि कप्पा?"

"माझा. यातलं काहीच त्यांचं नाही."

"मगाशी म्हणालात किल्ली त्यांच्याकडे असते."

"ते मला ओळखत नाहीत ना? मग किल्ली कशी असेल त्यांच्याकडे?"

त्याला वाटलं मी पढवलेली बाई आहे, भावाला वाचवतेय. वाचला तो, ते खरं. पण मी त्याच्यासाठी बोलले नव्हते. त्या कप्प्यात जे होतं ते माझ्या हातचं होतं, त्याला ते कधी नकोच होतं. पंचनाम्यात लोकरीचे मफलर लिहिले, सही घेतली आणि ते गेले.

चाळीत महिनाभर लोक मला बघून बोलायचे थांबत. कंपनीत ऑफिसरनं बोलावून विचारलं, भानगड काय आहे. मी म्हटलं, भानगड असती तर मी आकुर्डीच्या चाळीत राहिले असते का? नोकरी टिकली, बोलणं कमी झालं. शेजारीण मात्र नळावर एकीला सर्वांसमक्ष असं काही बोलली, की पुन्हा कुणाची हिंमत झाली नाही. काय बोलली ते तिनं मला कधी सांगितलं नाही.

कपाट मी तिला देऊन टाकलं. मोडक्या कप्प्यात तिची मुलं पुस्तकं ठेवायची. मफलर ट्रंकेत टाकले. माझ्या भिंतीवर कपाटाच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिला, बाकी भिंत स्टोच्या धुरानं पिवळी पडलेली.

पुढच्या भाऊबीजेला मी चंद्राकडे गेले नाही. वेडीसारखी पाट मांडून बसले. म्हटलं, घाबरला असेल, भीतीपोटी बोलला असेल, माणूस आहे. येईल, मान खाली घालेल, आणि मी त्याला चांगलं झापेन. काय काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं. तो आला नाही आणि कोरही गेली. दोन्हीकडून गेले.

त्याच्या पुढच्या दिवाळीत वातावरण पुन्हा निवडणुकीचं झालं. सरकार कोसळलं होतं, भिंती रंगवल्या जात होत्या. मी चंद्रासाठी तबक लावत होते, दुपारची वेळ, आणि खाली गाडी थांबली. जीप नाही, मोटार. तो वर आला. केस पिकलेले, हातात साडीचं खोकं.

"ताई, हाय का घरात?"

काय सांगू, सगळं पाठ केलेलं विसरले. मी पाट मांडला. तो बसला, टोपी सारखी केली. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी ओवाळली. मनात म्हटलं, एकदा विचार. कशी आहेस विचार, त्या दिवशी काय झालं विचार, माझं चुकलं म्हणू नकोस वाटलं तर, नुसतं विचार. आणि निरांजन उचललं.

निरांजन फिरत होतं आणि त्याची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती. माझ्या खांद्यावरून पलीकडे, त्या भिंतीवरच्या स्वच्छ चौकोनाकडे होती.

"ताई," तो म्हणाला, "कपाट कुठंय?"

ओवाळणं अर्धवट सोडत नाहीत. मी पुरं केलं. तबक खाली ठेवलं आणि म्हटलं, "दिलं."

"दिलं? कुणाला? अवं, मला इचारायचं तरी." मग स्वतःच सावरला, हसला. "ऱ्हाऊ द्या. दुसरं धाडतो. उद्याच धाडतो."

"नको," मी म्हटलं. "मला तेवढे कपडे नाहीत."

त्यानं मग घड्याळ पाहिलं. घावन झाले होते, एक तुकडा मोडून तोंडात टाकला, साहेब वाट बघत असतील म्हणाला आणि खाली गेला. मी गॅलरीत गेले नाही. गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत तिथंच पाटासमोर बसले. साडीचं खोकं पाटावर होतं. मी ते उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी झाडूवालीला दिलं.

सूर्य बुडायच्या सुमारास शेजारीण दारात आली. तिच्याकडे भाऊबीज नव्हती, पण माझी असते हे तिला माहीत होतं. गाडी आलेली तिनं पाहिली होती, गेलेलीही पाहिली होती. म्हणाली, "चल, उशीर होईल. लवकर जातो तो."

आम्ही गॅलरीच्या टोकाला गेलो. गार वारं सुटलं होतं म्हणून मी ट्रंकेतून हाताला आला तो मफलर घेतला होता, राखाडी, पिळलेल्यातला. त्याची गाठ काही सुटेना, तसाच गळ्याला गुंडाळला. देहूरोडच्या बाजूच्या डोंगरावर कोर होती. मी ओवाळलं. शेजारणीनं निरांजनाला वारा लागू नये म्हणून पदर आडवा धरला होता. कोर गेली तशी ती म्हणाली, भात लावलाय, जेवायला ये, आणि मी गेले.